शिकलगाराच्या हातची सतार

रमजान सुरू झाला की मशिदीतल्या प्रवचनात आणि घरातल्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो : हलाल रोजी. रोजी म्हणजे रोजची कमाई. दिवसभर उपाशीतापाशी राहून संध्याकाळी ज्या खजुराने रोजा सोडायचा, तो खजूर कोणत्या पैशाने आणला, याला रोजाइतकेच महत्त्व आहे. फसवून, लुबाडून किंवा कुणाची मजुरी बुडवून मिळवलेल्या पैशाचा इफ्तार कितीही थाटाचा असला तरी पोकळच.

पैगंबर साहेबांची वचने व आठवणी ज्यात आहेत, त्या हदीसमध्ये या संदर्भात हजरत दाऊद यांचे उदाहरण येते. आपल्या हाताने मिळवलेल्या घासापेक्षा चांगला घास नाही, आणि दाऊद राजा असूनही स्वतःच्या हातच्या कामावर जगत, असा त्याचा आशय. दाऊद म्हणजे बायबलमधले डेव्हिड. कुरआनात त्यांच्याविषयी दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात. पहिली त्यांच्या गळ्याची : ते ईश्वराचे स्तवन करीत तेव्हा डोंगर आणि पाखरेही त्यात साथ देत. दुसरी लोखंडाची : ते त्यांच्या हातात मऊ होई आणि ते त्याची चिलखते घडवीत. कड्या मापात बसवाव्यात, अशी ताकीदही तिथेच आहे. सूर आणि लोखंड, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलेले.

लोखंडाकडून सुराकडे असाच प्रवास केलेले एक मुसलमान घराणे आपल्या महाराष्ट्रात आहे. त्या घराण्याने एक धंदा उभा केला, धंद्यातून गल्ली उभी राहिली आणि गल्लीमुळे गावाचे नाव देशभर गेले. ते गाव म्हणजे मिरज. कोराडीहून ते दूर आहे खरे. पण गोंदियाहून सुटून नागपूरमार्गे कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेवरूनच जाते, आणि नागपूर परिसरात ज्या घरांत शास्त्रीय गाणे शिकले जाते, तिथल्या कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेला तंबोरा बहुधा मिरजेचाच असतो. आपल्या भागातली जी मुले-मुली हातातल्या कलेवर पोट भरू पाहत आहेत, त्यांनी ऐकावी अशी ही गोष्ट आहे.

तलवारी थांबल्या तेव्हा

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाले दुरुस्त करणारे कारागीर. मराठी मुलखात हे काम बहुतांशी मुसलमान कारागिरांकडे होते. 1818 साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. पटवर्धनांचे मिरज संस्थान टिकले, पण ते इंग्रजांच्या छत्राखाली. म्यानातली तलवार दसऱ्याला पूजेपुरतीच बाहेर यायची. शिकलगाराने मग करायचे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांपुढे हाच प्रश्न होता. पटवर्धनांच्या दरबारात गाण्याबजावण्याला मान होता. उत्तरेतून गवई, बीनकार, सतारिये येत. त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, हवापाण्याने बिघडत आणि दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडत नसे. मिरजेत सांगतात ते असे की, अशी बिघडलेली वाद्ये फरीदसाहेबांच्या हाती आली, त्यांनी ती खोलून पाहिली, जोडून दिली आणि दुरुस्त करता करता नवी घडवायला ते शिकले. त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन यांचे नावही या कामात त्यांच्याबरोबरच घेतले जाते. पुढे लोक त्यांना सतारमेकर म्हणू लागले. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे हे आडनाव मिरजेत आजही आहे आणि सतारमेकर गल्लीही आहे.

या हकिकतीत एक गोष्ट नजरेतून सुटू नये. फरीदसाहेबांनी आधी दुकान थाटून मग गिऱ्हाईक शोधले नाही. गावात गरज होती, ती त्यांनी आधी पाहिली. दरबारातला गवई हा त्यांचा पहिला गिऱ्हाईक होता आणि पहिला शिक्षकही. वाद्य कुठे अडते, आवाज कुठे दबतो हे सांगणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. नवी कला शिकायला त्याहून चांगली शाळा कोणती?

पंढरीचा भोपळा, मिरजेची कानस

तंबोरा किंवा सतार एका माणसाच्या हातून होत नाही, एका गावातही होत नाही. सुरुवात शेतातून होते. त्यासाठी लागणारा मोठा, जाड सालीचा कडू भोपळा भीमेकाठी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातले शेतकरी पिकवतात. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो पूर्ण पिकवतात, कित्येक महिने वाळवतात आणि मग तो मिरजेला येतो. विठोबाच्या मुलखातल्या शेतकऱ्याने पिकवलेला भोपळा मिरजेचा मुसलमान कारागीर निवडतो आणि त्याची वीणा कुठल्याशा कीर्तनात वाजते. हा क्रम दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्याचे त्यांच्यात कुणाला अप्रूप नाही. धंद्यातली रोजचीच गोष्ट ती.

भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला वाळका गर खरवडून काढतात, तोंड हवे तेवढे उघडून त्याला आकार देतात. दांडी आणि वरची तबली तून नावाच्या हलक्या, लालसर लाकडाची. मग खुंट्या, नक्षी, लाखेचे पॉलिश. नक्षीची पांढरी पाने-फुले पूर्वी हस्तिदंताची असत, आता प्लास्टिकची असतात. प्रत्येक कामाचा हात वेगळा. कुणी नुसती दांडी करतो, कुणी फक्त नक्षी, कुणी पॉलिश. त्यामुळे एक वाद्य विकले गेले की पाच-सहा घरांत चूल पेटते.

सगळ्यात शेवटी येते जवारी. भोपळ्यावरच्या तबलीवर जी घोडी बसवतात, तिच्या पाठीवरून तारा जातात. ती पाठ कानशीने अगदी बेताने घासून किंचित उतरती करायची असते. तार तिला धड टेकत नाही, धड सुटतही नाही, आणि त्या घासटण्यातून तंबोऱ्याचा तो गुंजारव निर्माण होतो. तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवून तो नेमका पकडायचा. कानशीचा एक हात जास्त फिरला तर सगळे बिघडले. हे काम मापपट्टीने होत नाही, कानाने होते. पात्याला धार किती लावायची, कुठे थांबायचे हे ज्याच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्या शिकलगाराचाच हात जवारीला वळला, यात नवल वाटत नाही. जुने कौशल्य वाया गेले नाही, त्याला नवे काम मिळाले.

आणि जवारी कायमची नसते. तारांच्या घासण्याने काही वर्षांत घोडीवर चरे पडतात, आवाज बसतो. मग वाद्य पुन्हा कारागिराकडे येते. विकले आणि संपले, असे या धंद्यात होत नाही. ज्याने घडवले त्याच्याकडेच गवई पुन्हा पुन्हा जातो, त्याचा मुलगा, त्याचे शिष्यही तिथेच जातात.

दर्ग्याच्या सावलीतले गाणे

मिरजेला नुसते कारागीर लाभले नाहीत, तर त्यांना जोखणारे कानही लाभले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडेच शिकले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतून येऊन मिरजेचे झाले. सुराच्या बाबतीत ते इतके काटेकोर की तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय गाणे सुरू होत नसे, आणि वाद्य दुरुस्त करण्याचा हातही त्यांच्याकडे होता. असा माणूस गावात राहतो तेव्हा कारागिराला थातूरमातूर काम करून चालत नाही. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली मिरजेतच झाला. स्त्रियांनी तिकीट लावून जाहीर मैफल करण्याची वाट ज्यांनी रुळवली, त्यांत हिराबाई अग्रभागी होत्या. बायकांच्या गळ्याची पट्टी वरची, म्हणून त्यांचा तंबोराही लहान अंगाचा लागतो. गाणारे बदलले तसे घडवणाऱ्यांनी वाद्यही बदलत नेले.

अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. त्यांची कबर मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या दिवसांत तिथे त्यांच्या आठवणीत संगीत सभा भरते आणि देशभरातले कलावंत हजेरी लावायला येतात. याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढवला जातो. आपल्या ताजबागच्या उरुसाला जाणाऱ्या वाचकांना याचे आश्चर्य वाटणार नाही. तिथेही चादर घेऊन येणाऱ्याची जात आणि धर्म कुणी विचारत नाही.

इस्लामला संगीत चालते का, हा प्रश्न इथे काहींच्या मनात येईल. त्यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे आणि तो एका लेखात मिटणारा नाही. मिरजेच्या कारागिरांनी त्याचे उत्तर वादात शोधले नाही. नमाजाची वेळ झाली की कानस खाली ठेवायची, परत येऊन पुन्हा उचलायची, असे त्यांच्या पिढ्यांचे चालत आले.

सगळे सुरळीत आहे असे नाही

ही गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. 1970च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. बटण दाबले की सूर सुरू, तारा लावण्याची कटकट नाही, प्रवासात मोडण्याची भीती नाही. आता तर तेच काम मोबाइलमधले अ‍ॅप फुकटात करते. गाणे शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी हजारोंचा तंबोरा का घ्यावा?

कारागिराची दुसरी अडचण घरातलीच आहे. हात बसायला वर्षे जातात. जवारीचा कान तर दहा वर्षांतही येईल याचा भरवसा नाही. तोवर कमाई बेताची. शेजारचा पोरगा बारावीनंतर नोकरीला लागून महिन्याच्या महिन्याला पगार आणतो, आणि सतारमेकराच्या घरातला मुलगा भोपळा खरवडत बसतो. त्याने हे काम का करावे, याचे उत्तर केवळ परंपरेचा गौरव सांगून देता येत नाही. परंपरेने शाळेची फी भरली जात नाही.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या नागपुरी संत्र्याला हेच मानांकन 2014 साली मिळाले आहे, त्यामुळे ते काय असते हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. दुसरीकडे बनवलेली सतार 'मिरजेची' म्हणून विकणे आता कायद्याने चुकीचे ठरते. नोंदणी झालेल्या कारागिरालाच ते नाव वापरता येते. हे मोठे काम झाले, आणि त्यासाठी एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे कारागीर संस्था करून एकत्र आले, हे त्याहून मोठे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, गिऱ्हाईक आणून देत नाही. संत्र्याला मानांकन मिळाले म्हणून शेतकऱ्याच्या हातात आपोआप भाव पडला नाही, हेही आपण पाहिलेच आहे.

मग मिरज टिकली कशावर? वाद्य घेणारा आणि वाद्य करणारा यांच्यातल्या नात्यावर. यंत्रातला तंबोरा सूर देतो, पण 'माझा आवाज काळी चारचा आहे, जवारी जरा बंद ठेवा' असे त्याला सांगता येत नाही. कारागिराला सांगता येते. तो तार छेडतो, समोरचा गातो, दोघे मान हलवतात, पुन्हा कानस फिरते. हे जोवर कुणाला हवे आहे, तोवर ती गल्ली राहील. आणि ते हवे असणारी माणसे कमी झाली, तर कोणतेही प्रमाणपत्र तिला वाचवू शकणार नाही.

आपल्याकडचे कलावंत

आता आपल्या भागाकडे पाहू. वीज केंद्र आल्यापासून कोराडीत पोराने काय व्हावे, याचे उत्तर ठरलेले होते : केंद्रात चिकटावे. कायम नोकरी नाही तर ठेकेदाराकडे तरी. पण सगळ्यांना पुरेल इतक्या नोकऱ्या आता कुठेच नाहीत. दुसरीकडे, हातात कला असलेली मुले प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वार्डात आहेत. कुणी भिंती रंगवते, कुणी पाट्या आणि पत्रिकांची अक्षरे काढते, कुणी मूर्ती घडवते, कुणी शिवते-विणते. चांदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, मेंदी काढायला मुलींच्या रांगा लागतात. ज्या हातांनी ईदची मेंदी काढली, तेच हात लग्नसराईत नवरीची मेंदी काढतात, करवा चौथलाही त्यांनाच बोलावणे येते. गिऱ्हाइकाचा धर्म कोनातल्या मेंदीला कळत नाही.

आपल्याला हे नवे नाही. नागपूरच्या महालातली चितारओळी मूर्तिकार-चितारींच्या नावाने ओळखली जाते. मोमिनपुरा हे नाव मोमिन विणकरांचे, आणि नागपूर-कामठीच्या मागांवर त्यांनी विणलेली लुगडी विदर्भातल्या बायाबापड्या पिढ्यान्‌पिढ्या नेसल्या. कारागिरावरून वस्तीला नाव पडते, ते त्याचे काम वस्तीच्या रोजच्या गरजेत मिसळलेले असते तेव्हाच.

फरीदसाहेबांच्या गोष्टीतून आजच्या मुलाने काही घ्यायचे असेल, तर मला तीन गोष्टी दिसतात. पहिला गिऱ्हाईक दिल्ली-मुंबईत किंवा परदेशात शोधण्याआधी आपल्या गावाला काय लागते, काय दुरुस्त करून हवे आहे, ते पाहावे. घरात जे कौशल्य आधीच आहे, मग ते शिलाईचे असो, वेल्डिंगचे की सुतारकीचे, त्याची लाज न धरता ते नव्या कामाकडे वळवावे. आणि आपल्या कामात खोट काढणाऱ्याला टाळू नये. मिरजेच्या कारागिरांना अब्दुल करीम खाँ लाभले, कारण खाँसाहेबांचे 'नाही, अजून नाही' ऐकून घेण्याची त्यांची तयारी होती.

पण सगळा भार त्या मुलांवर टाकणे बरोबर नाही. मिरजेत कारागीर होता तसा घेणारा समाजही होता. आपण कसे घेणारे आहोत? मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने पैसे मोजणारे आपण, ओळखीतल्या मुलीने मेंदीचे दोनशे सांगितले की 'घरचीच तर आहेस' म्हणून शंभरावर आणतो. मंडळाच्या भिंतीवर चित्र काढून घेतो आणि पैशांचा विषय निघाला की 'तुझं नाव होईल ना' म्हणतो. नावाने किराणा येत नाही. कौतुक फुकट देता येते, म्हणून आपण ते सढळ हाताने देतो.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबर साहेबांची शिकवण मुसलमान घरात लहान मूलही सांगेल. आणखी एक प्रसंग हदीसमध्ये येतो. मदत मागायला आलेल्या एका गरीब माणसाच्या घरात एक जाड कापड आणि पाणी प्यायचे भांडे एवढेच होते. पैगंबर साहेबांनी ते दोन दिरहमला विकायला लावले. एका दिरहमचे घरी अन्न न्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि त्याला लाकडे तोडून विकायला पाठवले.

रमजानमध्ये ज्यांची ऐपत आहे ते शिल्लक संपत्तीच्या अडीच टक्के जकात काढतात. ती गरजूंसाठी असते. बऱ्याचदा ती धान्याच्या किटमधून आणि कपड्यांतून वाटली जाते, आणि ते चांगलेच आहे. पण मोहल्ल्यातल्या एखाद्या गरजू मुलीला शिलाई मशीन, एखाद्या पोराला रंगांचा संच आणि ब्रश, कुणाला सुतारकीची हत्यारे घेऊन दिली, तर पुढच्या रमजानमध्ये कदाचित तेच घर देणाऱ्यांच्या रांगेत उभे असेल. आणि ज्यांना जकात लागू नाही, त्या माझ्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही हे करायला कुणाची मनाई नाही. गुढीपाडव्याच्या तोरणाची, जयंतीच्या फलकाची, लग्नाच्या पत्रिकेची ऑर्डर गावातल्या हाताला द्यावी, भाव त्याने सांगितला तो द्यावा आणि काम झाले त्याच दिवशी पैसे चुकते करावेत. काम पसंत पडले नाही तर तेही तोंडावर सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी ते सुधारेल.

ईदला अजून अवधी आहे. चांदरातीची मेंदी, शीरखुर्म्याच्या वाट्यांवर झाकायचे क्रोशाचे रुमाल, दारावरची नावाची पाटी, जे काही नवे हवे असेल, त्यासाठी आधी आपल्या गल्लीत विचारून पाहा. करणारे हात तिथे आहेत. त्यांना वाट पाहायला लावू नका.